मान्यता कोणाची आणि कशासाठी?
खाजगी व धार्मिक महाविद्यालयांविषयीचे नियम : एक अभ्यास

आपल्या समाजातील संस्था आता विहार बांधून थांबत नाहीत. विहाराच्या मागील जागेत प्रथम वाचनालय होते, नंतर अभ्यासिका, नंतर वसतिगृह. आणि चार देणगीदार पुढे आले की महाविद्यालय काढण्याची भाषा सुरू होते. ही गोष्ट निश्चितच अभिमानाची आहे. परंतु अशा बैठकांतून एक शब्द फार सैलपणे वापरला जातो. तो म्हणजे 'मान्यता'. 'आमची संस्था शासनमान्य आहे' असे पदाधिकारी सांगतात, पत्रकावर तसे छापतातही. कागद पाहू म्हटले तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडील नोंदणीचे प्रमाणपत्र पुढे येते. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली झालेली ती नोंदणी असते. त्या नोंदणीने संस्थेला नाव मिळते, खाते उघडता येते, देणगी घेता येते. शिकविण्याची परवानगी अथवा पदवी देण्याचा अधिकार तिने मिळत नाही.

वस्तुतः 'मान्यता' या एका शब्दाखाली निदान चार वेगळी कागदपत्रे दडलेली आहेत. पदवी देण्याचा अधिकार, महाविद्यालयाची संलग्नता, अल्पसंख्याक दर्जा आणि 'नॅक'चे मूल्यांकन. हे चारही कागद वेगवेगळ्या कार्यालयांतून निघतात आणि वेगवेगळ्या माणसांच्या कामी येतात. यांतील कोणता कागद विद्यार्थ्याचे रक्षण करतो आणि कोणता विश्वस्तांचे, हे ज्याला कळले त्याची सहसा फसगत होत नाही.

पदवी कोण देऊ शकतो?

१९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचे कलम २२ या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, त्याच कायद्याच्या कलम ३ खाली घोषित झालेले अभिमत विद्यापीठ, आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढेच पदवी देऊ शकतात. बाकी कोणीही नाही. कलम २३ प्रमाणे 'विद्यापीठ' हा शब्ददेखील इतरांना नावात लावता येत नाही.

हा नियम धर्मशिक्षणालाही लागू आहे काय, हा प्रश्न नुकताच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता आणि त्याचा निकाल आपण मुद्दाम अभ्यासावा असा आहे. उत्तर प्रदेशात २००४ च्या कायद्याने मदरसा शिक्षण मंडळ स्थापन झाले. हे मंडळ शालेय पातळीवरील परीक्षांबरोबर 'कामिल' व 'फाजिल' या पदवी व पदव्युत्तर तोडीच्या परीक्षाही घेत असे. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा सगळा कायदाच धर्मनिरपेक्षतेच्या विरुद्ध म्हणून रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी तो निकाल फिरविला. धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांचा दर्जा राखण्यासाठी राज्याने मंडळ नेमणे यात घटनाबाह्य असे काही नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र कामिल आणि फाजिल यांच्या तरतुदी टिकल्या नाहीत. त्या पदव्या ठरतात, आणि पदवीचा विषय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात येतो; राज्याच्या मंडळाला तो ओलांडता येत नाही, हे त्याचे कारण. कायदा वाचला, मंडळ वाचले; परंतु ज्यांनी त्या परीक्षांसाठी वर्षे घातली होती, त्या विद्यार्थ्यांपुढे प्रश्न उभा राहिला.

यातून आपण घ्यावयाचा धडा सरळ आहे. एखाद्या बौद्ध संस्थेने श्रामणेर शिबिर भरवावे, पालीचे वर्ग घ्यावेत, धम्म परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे द्यावीत. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आपल्या धर्माचे व्यवहार आपण चालविण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या कलम २६ ने दिले आहे. परंतु त्या प्रमाणपत्रावर 'पदवी' हा शब्द लिहिला की प्रकरण बदलते. ते प्रमाणपत्र घेऊन कोणी प्राध्यापकपदासाठी अर्ज केला तर तो अर्ज बाजूला ठेवला जाईल आणि दोष मात्र त्या मुलाच्या माथी येईल.

बौद्ध विद्येची खरी पदवी हवी असेल तर मार्ग आहेत. बिहारमधील नव नालंदा महाविहार १९५१ साली सुरू झाले व २००६ साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सारनाथची तिबेटी उच्च शिक्षण संस्था १९८८ पासून अभिमत विद्यापीठ आहे. लेह येथील केंद्रीय बौद्ध विद्या संस्था १९५९ ची, तिला हा दर्जा मिळावयास २०१६ साल उजाडले. म्हणजे सत्तावन्न वर्षे ती संस्था अगोदर शिकवीत राहिली! घाई करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

येथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. मानद डॉक्टरेट वाटणाऱ्या कागदी 'विद्यापीठां'चे पेव फुटले आहे, आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकांवरही अशा 'डॉ.' ची संख्या वाढत चालली आहे. ज्या महापुरुषाने कोलंबिया आणि लंडन येथे अर्धपोटी राहून पदव्या संपादन केल्या, त्याच्या जयंतीच्या व्यासपीठावर पैसे भरून घेतलेली डॉक्टरेट मिरवावी, हे शोभत नाही. अर्थात हा रोग नवा नाही. सातव्या शतकात नालंदेस आलेल्या ह्यूएन त्संगने लिहून ठेवले आहे की, बाहेरून आलेल्यास प्रवेशद्वारीच अवघड प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी सात-आठ जण परत जात. त्यानेच असेही नोंदविले आहे की, नालंदेचे विद्यार्थी असल्याचे खोटे सांगून गावोगाव मानसन्मान घेणारे लोकही त्या काळी होते!

संलग्नता

आपल्याकडील महाविद्यालये स्वतः पदवी देत नाहीत. ती विद्यापीठाशी संलग्न असतात, शिकवितात महाविद्यालये आणि पदवी देते विद्यापीठ. ही पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्यातून आणि १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे लंडनच्या धर्तीवर निघालेल्या विद्यापीठांतून आली. मिशनरी लोकांची महाविद्यालये याच पद्धतीत बसली. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची. बायबलचा वर्ग त्यांचा स्वतःचा. सरकार अनुदान देई ते लौकिक शिक्षणासाठी.

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच वाट पत्करली हे आपण विसरता कामा नये. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन. १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. तेव्हा मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ नव्हते. ते १९५८ साली झाले. म्हणून संलग्नता घ्यावी लागली ती दूर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची. बाबासाहेबांना मागास समाजातील मुलांसाठी वेगळी, सोपी, आपली आपण दिलेली पदवी नको होती. जी परीक्षा उच्चवर्णीयांची मुले देतात तीच आपल्या मुलांनी द्यावी, असा त्यामागील विचार दिसतो. महाविद्यालयांची नावे बौद्ध परंपरेतील होती, दारे सर्वांना उघडी होती.

महाराष्ट्रात आज संलग्नतेचे नियम २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात आहेत. तो कायदा १ मार्च २०१७ पासून अंमलात आला आणि १९९४ चा जुना कायदा गेला. त्याची तऱ्हा अशी. विद्यापीठ प्रथम पाच वर्षांचा बृहत् आराखडा करते. कोणत्या तालुक्यात कोणत्या शाखेच्या महाविद्यालयाची गरज आहे ते त्यात ठरते. आपले गाव त्या आराखड्यात नसेल तर अर्जाचा विचारच होत नाही. गाव असेल तर संस्था विद्यापीठाकडे अर्ज करते, विद्यापीठ शिफारशीसह तो शासनाकडे पाठविते, शासन प्रथम इरादापत्र देते. इरादापत्र म्हणजे परवानगी नव्हे. जागा, इमारत, निधी, ग्रंथालय यांच्या अटी पुऱ्या करा, मग पाहू, एवढाच त्याचा अर्थ. त्या अटी पुऱ्या झाल्यावर अंतिम परवानगी, आणि त्यानंतर विद्यापीठाची संलग्नता. नुसत्या इरादापत्रावर प्रवेश देणाऱ्या संस्था आगीशी खेळ करतात; भाजतात मात्र विद्यार्थी.

शिवाय संलग्नता ही अभ्यासक्रमाची असते, इमारतीची नसते. कला शाखेची संलग्नता असलेल्या महाविद्यालयाने त्याच फलकाखाली बी.एड. सुरू केले तर त्यास राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची वेगळी मान्यता लागते. विधि महाविद्यालयास बार कौन्सिलची, अभियांत्रिकीस अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची. एका नामांकित शाखेच्या छायेत दुसरी बेकायदा शाखा चालविणे ही जुनी युक्ती आहे.

राज्याने नियम फारच सैल केले तर काय होते, याचे उदाहरण छत्तीसगडचे. त्या राज्याने २००२ साली कायदा करून खाजगी विद्यापीठांना मुक्तद्वार दिले आणि अल्पावधीत शंभराहून अधिक 'विद्यापीठे' निघाली. कित्येकांचा संसार एका खोलीत होता. प्रा. यशपाल यांनी दाद मागितली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून ज्या संस्था खरोखर शिकवीत होत्या त्यांना राज्यातील विद्यापीठांशी जोडून घेण्याची वाट न्यायालयाने ठेवली. पण प्रत्येक वेळी न्यायालय अशी वाट काढून देईल या भरवशावर कोणी राहू नये.

कलम ३० चे संरक्षण कोठवर?

आता धार्मिक संस्थांकडे वळू. घटनेच्या कलम ३०(१) प्रमाणे धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. बौद्ध समाज अल्पसंख्याक असल्याची केंद्र शासनाची अधिसूचना २३ ऑक्टोबर १९९३ ची आहे. त्यामुळे पुष्कळांचा असा समज झाला की, बौद्ध संस्थेच्या महाविद्यालयास नियम लागू नाहीत. हा समज चुकीचा आहे.

१९५८ साली केरळ शिक्षण विधेयकावर मत देतानाच सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की, संस्था चालविण्याचा हक्क म्हणजे ती वाईट चालविण्याचा हक्क नव्हे. दुसऱ्या बाजूने, १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने राज्यालाही मर्यादा घातली. गुजरातेत कायदा असा झाला होता की, महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर विद्यापीठाची माणसे असावीत आणि अध्यापकांवरील कारवाईस कुलगुरूंची संमती लागावी. न्यायालय म्हणाले, संलग्नता मिळणे हा मूलभूत हक्क नाही. पण संलग्नता हवी तर घटनेने दिलेला हक्क सोडा, अशी अटही राज्याला घालता येणार नाही. शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम, आरोग्य, शिस्त, हिशेब यांविषयीचे नियम मात्र सर्वांना सारखे. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांनी हीच चौकट कायम ठेवली आणि अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवावे असे सांगितले. तेव्हा बौद्ध महाविद्यालयास आपला प्राचार्य निवडता येईल, पण पात्रता नसलेला नातेवाईक प्राध्यापक म्हणून नेमता येणार नाही. (ही शेवटची ओळ कोणास लागली तर इलाज नाही.)

आणखी एक नियम आपल्या संस्थांनी ध्यानात घ्यावा. कलम २८(३) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणासही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकांची संमती हवी. सकाळी त्रिसरण-पंचशील जरूर घ्यावे, परंतु त्याची सक्ती करू नये. जो नियम दुसऱ्यांच्या शाळेत आपल्या मुलांचे रक्षण करतो, तोच आपल्या महाविद्यालयात दुसऱ्यांच्या मुलांचे करतो.

बौद्ध संस्थेने अल्पसंख्याक दर्जा घ्यावा काय?

हा प्रश्न कायद्यापेक्षा आपल्या विवेकाचा अधिक आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

हा दर्जा राज्य शासनाकडून किंवा २००४ च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडून मिळतो. संस्था त्या समाजाने स्थापन केली आहे आणि तोच समाज ती चालवितो, हे दाखवावे लागते. परदेशातून दान आले म्हणून दर्जा जात नाही. भागलपूरच्या एका मिशन शाळेच्या प्रकरणात १९६९ सालीच हे ठरले आहे. आपल्याकडे जपान, तैवान, थायलंड येथून दान येते. त्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी मात्र हवी. संस्था कायद्याने स्थापन झाली म्हणजे तिचे अल्पसंख्याक स्वरूप आपोआप संपते, हे १९६७ चे मतही अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने बाजूला सारले.

दर्जाचा फायदा काय? व्यवस्थापनास मोकळीक मिळते आणि प्रवेशात आपल्या समाजासाठी जागा राखता येतात. महाराष्ट्रातील विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांत या जागा निदान ५१ टक्के असतात. पण दुसरी बाजू पाहा. ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम १५(५) खाजगी महाविद्यालयांत अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गीयांना आरक्षण देण्याची मुभा राज्याला देते. त्यातून अल्पसंख्याक संस्था मात्र वगळल्या आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यात खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांत अनुसूचित जातींना, बौद्ध धर्मांतरितांसह, १३ टक्के जागा आहेत. तो कायदाही अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही. २०१४ साली प्रमती खटल्यात ही वगळणूक सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली.

याचा अर्थ असा होतो की, आपण दर्जा घेतला तर आपल्या महाविद्यालयात मातंग, चर्मकार, आदिवासी, भटक्या जमातींच्या मुलांना राखीव जागा देण्याचे कायदेशीर बंधन आपल्यावर राहणार नाही. आरक्षणासाठी ज्या समाजाने रस्त्यावर उतरून लाठ्या खाल्ल्या, त्याच्याच संस्थेत आरक्षण लागू नसावे! कोणी म्हणेल, बंधन नसले तरी आपण स्वेच्छेने जागा देऊ. द्यावयाच्या असतील तर दर्जा घेतानाच संस्थेच्या ठरावात तसे लिहून ठेवावे. आजचे विश्वस्त उदार असतील, उद्याचे कसे असतील याची हमी कोण देणार?

दुसरी अडचण अधिक घरगुती आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध आहेत, देशातील एकूण बौद्धांच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक. परंतु कित्येक कुटुंबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अजून 'हिंदू-महार' असेच लिहिलेले आहे. १९९० पर्यंत बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नव्हत्या, म्हणून वडिलांनी, आजोबांनी तसे लिहून ठेवले. १९९० च्या दुरुस्तीने ती अडचण गेली, दाखला मात्र तसाच राहिला. अशा मुलास बौद्ध अल्पसंख्याक जागेवर प्रवेश मागताना धर्माचा पुरावा देणे कठीण होते. आपल्यासाठी राखलेल्या जागा आपल्याच मुलांना मिळू नयेत, ही स्थिती येण्यापूर्वी दाखल्यांचे काम हाती घेतले पाहिजे.

माझे मत विचाराल तर, पारंपरिक कला-वाणिज्य महाविद्यालयासाठी या दर्जाची घाई करू नये. राज्याचा अवाजवी हस्तक्षेप होत असेल तर तो ढाल म्हणून उपयोगी आहे. पण ती ढाल विश्वस्तांच्या हातातील आहे. विद्यार्थ्याची पदवी तिने एक कणभरही अधिक खरी होत नाही.

नॅक

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच नॅक, १९९४ साली बंगलोर येथे स्थापन झाली. ती परवानगी देत नाही. जे महाविद्यालय चालू आहे त्याचा दर्जा पाहते. निदान सहा वर्षे चाललेल्या किंवा दोन तुकड्या पदवीधर करून बाहेर काढलेल्या संस्थेलाच तिच्याकडे जाता येते. तेव्हा नव्या महाविद्यालयास नॅक नाही म्हणून ते बोगस ठरत नाही, आणि जुन्यास 'ए' श्रेणी आहे म्हणून त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम संलग्न आहे असेही नव्हे. २०२४ साली श्रेणींऐवजी 'अधिस्वीकृत' किंवा 'अधिस्वीकृत नाही' असे दोनच निकाल देण्याची पद्धत परिषदेने जाहीर केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका पाहणी समितीच्या सदस्यांना लाचेच्या आरोपाखाली केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. श्रेणीचा फलक वाचताना हेही आठवावे.

विद्यार्थ्यांसाठी

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात चालू वर्षाचे संलग्नता पत्र मागावे, आणि त्यावर आपल्याच अभ्यासक्रमाचे नाव आहे काय ते वाचावे. ते दाखविण्यास टाळाटाळ झाली तर तेथेच उत्तर मिळाले असे समजावे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालयांची यादी असते. पत्र आणि यादी जुळवून पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोग दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, तीत वीस-बावीस नावे असतात; मात्र यादीत नाव नाही म्हणजे संस्था खरी, असे उलट गणित मांडू नये.

परराज्यातील विद्यापीठाचे 'अभ्यास केंद्र' आपल्या गावात आहे असे कोणी सांगितले तर विशेष सावध राहावे. खाजगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अशी दुकाने मांडता येत नाहीत. प्रवेशानंतर विद्यापीठाकडून पात्रता निश्चित होऊन कायम नोंदणी क्रमांक मिळतो. परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ आली तरी तो क्रमांक हाती नसेल, तर महाविद्यालयात न थांबता थेट विद्यापीठाच्या पात्रता विभागात जाऊन चौकशी करावी.

शिष्यवृत्तीचा संबंध याच्याशीच आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त संस्थेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासच मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की फी सर्वस्वी घरची. दलाल हे सांगत नाही. 'आता पैसे भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळतील' असे कोणी म्हणाल्यास ते लेखी मागावे, आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची महाविद्यालयाच्या नावाची पावती घ्यावी. साध्या कोऱ्या कागदावरील शिक्का ही पावती नव्हे.